विकायच्या वस्तूवरचं अक्षर कोणाचं?

मी कापडी पिशव्या, मग, वह्या आणि शुभेच्छापत्रं विकते. दिवाळीआधीची प्रदर्शनं, थोडं ऑनलाइन, बाकी ओळखीपाळखीतून. धंद्याचा जीव एवढासा, की कॉपीराइटच्या वकिलाची पायरी चढले तर वर्षाचा नफा तिथेच ठेवून यावा लागेल. म्हणून फॉन्ट आणि चित्रांचे परवाने स्वतःच वाचत गेले, बहुतेक वेळा जांभया देत. त्यातून जे हाती लागलं ते हे. तुमचा माल वेगळा, तेव्हा तुमची यादीही वेगळी निघेल.

1. चांगल्या मराठी फॉन्टला पैसे पडतातच असं नाही, हे पटायला मला वेळ लागला. ‘फुकट ते पौष्टिक’ म्हणणाऱ्यांतली मी नाही; फुकटात काहीतरी मेख असणारच, हा घरचा संस्कार. गूगल फॉन्ट्सवर मुंबईच्या ‘एक टाइप’चे मुक्ता आणि मोदक आहेत, हाताने लिहिल्यासारखा कलम आहे, मुंबई लोकलच्या रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला यात्रा वन आहे. सगळे ओपन फॉन्ट लायसन्सखाली. मेख सापडावी म्हणून तो परवाना शेवटपर्यंत वाचला. मगवर छापा, पिशवीवर छापा, खुशाल विका. रॉयल्टी नाही, वस्तूवर श्रेय छापायची सक्तीही नाही. बंधन आहे ते फॉन्टच्या फाइलवर: ती नुसती विकायची नाही, आणि फॉन्टमध्ये फेरफार करून वाटलात तर त्याच परवान्याखाली वाटायचा. झिप उघडली की फॉन्टशेजारी परवान्याची एक टेक्स्ट फाइल दिसते. तिच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. मी ती भरलेल्या वीजबिलासारखी जपून ठेवते.

2. फॉन्टला परवाना असतो, पण त्याला मराठी येतंच असं नाही. कित्येक देवनागरी फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे निघतात. काहींत ‘दऱ्या’ लिहायला जावं तर ‘दर्या’ उमटतो. डोंगराच्या पोस्टरवर समुद्र. म्हणून माझी कसोटीची एक ओळ आहे: ‘लक्ष्मणशास्त्र्यांचा ट्रॅक्टर दऱ्याखोऱ्यांतून श्रद्धेने चालला.’ नवा फॉन्ट उतरवला की आधी शास्त्रीबुवांना ट्रॅक्टरवर बसवते. यात ज्याची जोडाक्षरं फुटत नाहीत तो पास. टिरो देवनागरी मराठी तर मराठी वळण डोळ्यांपुढे ठेवूनच केलेला आहे. वाढदिवसाच्या कार्डाला थोडा गंभीर वाटतो, पण वहीच्या मुखपृष्ठावर काय शोभतो! आणि हो, प्रेसला फाइल देताना अक्षरांचे कर्व्ह, म्हणजे आकृत्या, करून द्यायची. नाहीतर त्यांच्या जुन्या कोरलमध्ये हलन्त सुटे होऊन अक्षरांच्या पायाशी लोंबतात.

3. छापखान्यात ‘सगळेच वापरतात’ हा परवान्याचा एक प्रकार मानला जातो. डीटीपीवाल्या दादांच्या संगणकावर जुने मराठी फॉन्ट ढिगाने असतात, त्यातले बरेच पेन ड्राइव्हवरून पेन ड्राइव्हवर आलेले. मूळ सॉफ्टवेअर कोणी विकत घेतलं होतं, हे तिथे कोणालाच ठाऊक नसतं. दादा प्रेमळ माणूस आहेत, त्यांच्याशी वाद कोण घालणार? पण पिशवीवर नाव माझं जातं. आता फॉन्ट मी नेते, छपाई ते करतात, चहा त्यांचाच असतो.

4. फुकट फोटोंच्या साइटवर ‘व्यावसायिक वापर चालेल’ असं लिहिलेलं असलं, तरी वाक्य तिथे संपत नाही. पिक्साबे काय, अनस्प्लॅश काय, फोटो जसाच्या तसा पोस्टर करून विकू नका असं सांगतात. त्यात तुमची भर हवी. कॅनव्हावरचं एखादं फूल उचलून तेवढंच मगवर छापलं तर तेही त्यांच्या नियमात बसत नाही, तुमची रचना हवी. विकतच्या साइटवर साधा परवाना घेतला तर तो सहसा जाहिरातीला आणि पुस्तकाला पुरतो. ज्या मालाची विक्रीच चित्रामुळे होते, त्याला वाढीव परवाना लागतो आणि तो कितीतरी महाग. क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये तर अक्षरांचा खेळ आहे. ‘एनसी’ दिसलं की आपण मागे फिरायचं, कारण ते विक्रीला नाहीच. ‘बीवाय’ला श्रेय द्यायचं, मगवर जागा नसते, म्हणून मी ते खोक्यातल्या चिठ्ठीवर छापते. ‘एसए’चं चित्र बदलून वापरलं तर आपली रचनाही त्याच अटींवर जगाला खुली करावी लागते. शेजारच्या स्टॉलवाल्या काकूंनी ती उचलली तर तक्रार करायची सोय नाही.

चेहऱ्याचं मात्र मी कुठल्याच साइटवर सोडत नाही. वारीतल्या एखाद्या माउलीचा सुंदर फोटो मिळतो, परवानगी फोटोग्राफरची असते. तिची कुठे असते? चेहरे मी छापत नाही.

5. जुनं वाटतं ते कायद्याला जुनं वाटत नाही. आपल्याकडे चित्रकाराच्या निधनानंतर 60 वर्षं हक्क राहतो, आणि मोजणी पुढच्या जानेवारीपासून. राजा रविवर्मा 1906 मध्ये गेले, मोकळे. धुरंधर 1944 मध्ये, तेही मोकळे. पण दिवाळी अंकांची मुखपृष्ठं आठवून मन जिथे धावतं ते दीनानाथ दलाल गेले 1971 मध्ये, रघुवीर मुळगावकर 1976 मध्ये. म्हणजे दलालांसाठी 2032 उजाडायला हवं आणि मुळगावकरांसाठी 2037. वारली चित्रकलेचं नाव जगभर नेणारे जिव्या सोमा मशे 2018 मध्ये गेले. त्यांची चित्रं मोकळी होतील तेव्हा हा धंदा माझी नातवंडं बघत असतील, बघत असली तर. ओळींनाही हाच हिशेब. पु. ल. देशपांडे 2000 मध्ये गेले, तेव्हा त्यांची वाक्यं 2060 संपेपर्यंत मोकळी नाहीत. प्रदर्शनात एक चक्कर मारली की हे गणित किती जणांनी केलंय ते कळतं. तुकोबा आहेत, ज्ञानोबा आहेत, जात्यावरच्या ओव्या आहेत. तेवढ्यावर माझं जन्मभर भागेल.

मोकळ्या चित्रांचा उत्तम स्कॅन मिळवणं ही पुन्हा वेगळी कटकट. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने 2017 मध्ये पावणेचार लाखांच्या वर प्रतिमा ‘सीसी झिरो’खाली, म्हणजे विनाअट, खुल्या केल्या, तिथे भारतीय लघुचित्रंही आहेत. हत्तीच्या झुलीवरची नक्षी मोठी करून पाहत बसले की रात्र कशी जाते कळत नाही. धंद्याचं काम म्हणून घरचे बोलतही नाहीत.

6. शिवाजी महाराजांचं चित्र चित्रकाराच्या परवानगीने सुटत नाही, हे मला सर्वांत उशिरा कळलं. 1950 चा एक कायदा आहे, बोधचिन्हं आणि नावांचा गैरवापर रोखणारा. अशोकस्तंभ त्यात असणार हे कोणीही सांगेल. पण त्याच्या परिशिष्टात महात्मा गांधी आणि छत्रपती शिवाजी महाराज यांचं नाव आणि चित्र हेही आहे. केंद्र सरकारच्या परवानगीवाचून व्यापारासाठी वापरायचं नाही. अपवाद कशाला, तर दिनदर्शिकेला! तिच्यावर फक्त बनवणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचं नाव हवं, आणि मालाची जाहिरात म्हणून ती वापरायची नाही. त्या काळच्या भिंतींवरची कॅलेंडरं हा अपवाद लिहिणाऱ्याला दिसत असावीत. शिवजयंतीच्या आधी टी-शर्टची चौकशी येतेच. ‘अहो ताई, रस्त्यावर सगळीकडे विकतात,’ असं समोरचा म्हणतो आणि खोटं बोलत नाही. मी सह्याद्री देते, किल्ल्याचा दरवाजा देते. काही गिऱ्हाइकं परत जातात.

7. पैसे मोजून चित्र काढून घेतलं की ते आपलं, असं मी बिनदिक्कत धरून चालले होते. त्या बेफिकिरीला एका चित्रकार मुलीने हादरा दिला. कॉलेज नुकतंच संपलेलं, आणि काम ऐकल्यावर पहिला प्रश्न, ‘ताई, कशाकशावर छापणार? आणि किती वर्षं?’ मी वयाने दुप्पट, उत्तर शून्य. घरी येऊन कायदा वाचला. हक्क द्यायचे तर लेखी आणि सही करून द्यावे लागतात. मुदत लिहिली नाही तर 5 वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणजे देश न लिहिता मी न्यू जर्सीच्या मराठी मंडळाला पिशव्या पाठवल्या असत्या आणि तिने हरकत घेतली असती, तर ती बरोबर ठरू शकली असती. आम्ही एका पानाचा करार केला, मराठीतच: कुठल्या वस्तू, किती मुदत, कुठल्या देशांत, मानधन किती, दुसरी आवृत्ती निघाली तर किती, आणि पिशवीच्या आतल्या पट्टीवर तिचं नाव. मानधन ऐकून आधी छातीत धस्स झालं होतं. पण तिने काढलेला पाटा-वरवंटा दुसऱ्या कोणाच्या स्टॉलवर नाही, आणि फुकटच्या साइटवरची मंडलं चार स्टॉलवर सारखीच लटकलेली असतात. वाढीव परवान्याची किंमत आणि तिचं मानधन शेजारी मांडलं, तर तीच स्वस्त पडली.

8. परवाने बदलतात. पिक्साबे आणि अनस्प्लॅश दोन्ही पूर्वी ‘सीसी झिरो’ देत, नंतर दोघांनी स्वतःचे नियम आणले. म्हणून फाइल उतरवली त्या दिवशीच परवान्याच्या पानाचा स्क्रीनशॉट घेते आणि वहीत लिहिते: काय, कुठून, कोणाचं, कधी, कशावर छापलं. ऑनलाइन दुकानात कोणी तक्रार केली तर माल आधी खाली उतरतो, खुलासा मागाहून विचारतात. तेव्हा ही वहीच बोलते.

तुमच्याकडे अशी वही नसेल तर सगळ्यात जास्त खपणाऱ्या वस्तूपासून सुरुवात करा. तिच्यावरचं अक्षर आणि चित्र कुठून आलं ते आजच लिहा. आठवत नसेल, तर पुढची छपाई थांबवा.