पडद्यामागचा सॅक्सोफोन

(चित्रपटगीत ऐकताना आपण गायकाला ओळखतो, संगीतकाराचे नावही आपल्याला ठाऊक असते. परंतु दोन कडव्यांच्या मधली जागा ज्याच्या श्वासाने भरली जाते, त्या वादकाचे नाव क्वचितच कानावर येते. प्रस्तुत पाठात अशाच एका वादकाचा परिचय करून दिला आहे.)

मनोहारी सिंग यांचा जन्म 8 मार्च 1931 रोजी कोलकात्यात एका नेपाळी वंशाच्या कुटुंबात झाला. घरातील वडीलधारी मंडळी बँडमध्ये वाजवणारी होती. त्यामुळे वाद्य हे त्या घरात करमणुकीचे साधन नव्हते, तर सुताराच्या घरात रंधा असावा तसे ते पोटापाण्याचे हत्यार होते.

त्या काळी कोलकात्याजवळच्या बाटानगरात बाटा या पादत्राणांच्या कंपनीचा मोठा कारखाना होता आणि त्या कारखान्याचा स्वतःचा बँडही होता. कारखान्याने बँड बाळगावा ही गोष्ट आज नवलाची वाटेल. परंतु पोलीस, लष्कर, रेल्वे, गिरण्या अशा अनेक ठिकाणी तेव्हा बँड असत आणि गरीब घरातील मुलांसाठी त्या एक प्रकारच्या संगीतशाळाच होत्या. मनोहारी किशोरवयातच या बँडमध्ये दाखल झाले. तेथील बँडमास्तर जोसेफ न्यूमन हे हंगेरीचे होते. त्यांच्या हाताखाली मनोहारींना बासरी फुंकण्याची रीत तर मिळालीच, पण त्याहून मोलाची गोष्ट मिळाली ती स्वरलिपी वाचण्याची. पाच आडव्या रेघांवर मांडलेले स्वर पाहताक्षणी वाजवता येणे, ही वादकाची साक्षरताच होय. जो केवळ कानाने शिकला, त्याला नवी चाल पाठ करण्यास वेळ लागतो. ज्याला लिपी येते, तो कागद समोर येताच वाजवू लागतो. पुढील पन्नास वर्षे मनोहारींना काम मिळत राहिले, त्याला ही साक्षरता मोठ्या प्रमाणात कारणीभूत होती.

पुढे न्यूमन ग्रामोफोन कंपनीत गेले आणि मनोहारींनाही तेथील वाद्यवृंदात काम मिळाले. दिवसा ध्वनिमुद्रण आणि रात्री चौरंगीवरील फिरपो या प्रसिद्ध उपाहारगृहात पाश्चात्त्य नृत्यसंगीत, असा त्यांचा दिनक्रम होता. रात्रीच्या या कामात केवळ बासरी पुरेशी नव्हती. ज्याला दोन-तीन वाद्ये येत, त्याला मालक आधी बोलावत. म्हणून बासरीवरून क्लॅरिओनेट आणि तेथून सॅक्सोफोन असा त्यांचा प्रवास झाला. ते मेंडोलिनही वाजवीत.

एका वाद्यावरून दुसऱ्यावर जाणे वाटते तितके सोपे नसते. सॅक्सोफोन हे वाद्य अडोल्फ सॅक्स या बेल्जियन कारागिराने घडवले आणि 1846 मध्ये त्याचे पेटंट घेतले. ते पितळेचे असले तरी त्याची गणना लाकडी सुषिर वाद्यांत होते. कारण त्यातील ध्वनी वेताच्या पातळ पट्टीच्या, म्हणजे रीडच्या, कंपनातून उमटतो. बासरीला अशी पट्टी नसते. तिथे ओठांमधून सोडलेली हवा तोंडाशी असलेल्या छिद्राच्या काठावर आदळते. सॅक्सोफोन आणि पाश्चात्त्य बासरी यांवर खालच्या व वरच्या सप्तकासाठी बोटांची ठेवण बरीचशी सारखी असते. क्लॅरिओनेट मात्र येथे चकवतो. त्यावर तीच बोटे ठेवून वरच्या टप्प्यात गेले, की स्वर सप्तकाने न चढता सप्तक आणि पंचम इतका चढतो. शिवाय आल्टो सॅक्सोफोनवर कागदावरचा ‘सी’ वाजवला तर ऐकणाऱ्याला ‘ई फ्लॅट’ ऐकू येतो. हा हिशेब मनातल्या मनात, वाजवता वाजवता करावा लागतो. श्रोत्याला यातले काही कळत नाही, कळण्याची गरजही नसते.

संगीतकार सलिल चौधरी यांच्या आग्रहावरून मनोहारी 1958 मध्ये मुंबईला आले. सचिनदेव बर्मन यांच्या ‘सितारों से आगे’ या चित्रपटात त्यांना पहिली मोठी संधी मिळाली. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत तेव्हा गोव्याहून आलेल्या वादकांचा मोठा भरणा होता. पोर्तुगीज राजवटीतील चर्चच्या शाळांत स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकून आलेले हे लोक. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट ही त्यांतील काही नावे. गोव्याची चर्चशाळा आणि बाटानगरचा बँड यांतून आलेले वादक येथे एकाच कागदावरून वाजवू लागले.

ध्वनिमुद्रणाची तेव्हाची पद्धत मोठी कसोटीची होती. गायक आणि सारे वादक एकाच वेळी वाजवीत आणि ते सर्व एकत्रच मुद्रित होई. एकाचा स्वर चुकला, की गाणे पुन्हा पहिल्यापासून. वादकांच्या श्रेणी ठरलेल्या असत आणि श्रेणीप्रमाणे मोबदला मिळे. गाणे कितीही गाजले तरी त्यात भर पडत नसे. तबकडीवर गायकाचे आणि संगीतकाराचे नाव छापले जाई. वादकाचे सहसा नाही. ही पद्धत न्याय्य होती असे म्हणता येणार नाही. अनेक गाणी त्यांच्या प्रारंभीच्या सुरावटीमुळेच लोकांच्या लक्षात राहिली आहेत.

‘सट्टा बाजार’ (1959), ‘कश्मीर की कली’ (1964), ‘गाइड’ (1965), ‘आराधना’ (1969) या चित्रपटांतील गाण्यांमधला सॅक्सोफोन मनोहारींचा आहे. पाश्चात्त्य बँडमध्ये घडलेल्या या वाद्याला त्यांनी हिंदी गाण्याची बोली शिकवली. ओठांचा दाब कमीजास्त करून एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, म्हणजे आपल्याकडची मींड, सॅक्सोफोनवर साधता येते. पण ती किती आणि कोठे घ्यायची याचा विवेक लागतो. मनोहारींची मींड गायकाच्या पुढे धावत नसे.

राहुलदेव बर्मन यांच्याकडे मनोहारी केवळ वादक राहिले नाहीत. चेलोवादक बासुदेव चक्रवर्ती, मराठमोळे तालवादक मारुतीराव कीर आणि मनोहारी हे तिघे त्यांचे साहाय्यक होते. संगीतकाराने चाल सुचवावी आणि साहाय्यकांनी ती कागदावर उतरवून, कोणते वाद्य कोठे वाजेल हे ठरवून, वादकांकडून बसवून घ्यावी, अशी ही व्यवस्था. बासू-मनोहारी या नावाने दोघांनी स्वतंत्र संगीतही दिले. ‘सबसे बड़ा रुपैया’ (1976) हा त्यांपैकी एक चित्रपट.

पुढे काळ बदलला. प्रत्येक वाद्य वेगवेगळे मुद्रित करण्याची सोय झाली आणि सिंथेसायझर आला. एकच माणूस कळफलकावर व्हायोलिनच्या ताफ्याचा आभास निर्माण करू लागला. 1990 नंतरच्या काही वर्षांत मोठे वाद्यवृंद जवळजवळ मोडीत निघाले आणि आयुष्य याच कामात घालवलेल्या कितीतरी वादकांचे बोलावणे थांबले. जानेवारी 1994 मध्ये राहुलदेवांचे निधन झाले. मनोहारींच्या कामाचा मुख्य आधारच गेला. वाद्य मात्र त्यांनी खाली ठेवले नाही. राहुलदेवांच्या स्मरणार्थ होणाऱ्या कार्यक्रमांत ते रंगमंचावर वाजवू लागले. ज्यांनी हे सूर वर्षानुवर्षे रेडिओवर ऐकले होते, त्यांना ते फुंकणारा माणूस आता समोर दिसू लागला. 13 जुलै 2010 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

शब्दार्थ
सुषिर वाद्य – फुंकून वाजवायचे वाद्य
स्वरलिपी – स्वर लिहिण्याची पद्धत
मींड – एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर अखंड सरकत जाणे

पाठगत प्रश्न
1. स्वरलिपी वाचता येण्याला पाठात ‘साक्षरता’ का म्हटले आहे?
2. सॅक्सोफोन पितळेचा असूनही त्याची गणना लाकडी वाद्यांत का होते?
3. तुमच्या आवडीच्या एखाद्या गाण्यात कोणकोणती वाद्ये ऐकू येतात, ते लक्षपूर्वक ऐकून आठ-दहा ओळींत लिहा.