रिपोर्ट निगेटिव्ह आला, आता पुढे?



मागे आमच्या एका सहकारी बाईंचे बोट सुजले. खडू धरवेना. रक्तातील 'आर. ए. फॅक्टर' निगेटिव्ह आला, तेव्हा आम्ही सर्वांनी त्यांचे अभिनंदन केले. आठ महिन्यांनी कळले की तो सोरायसिससोबत येणारा संधिवात होता. कोपरावरचे खवले त्या बाहीखाली झाकत असत. आम्हीही कधी विचारले नाही. आमचे कुठे चुकले, ते या पाठात पाहू.

प्रतिपिंडे म्हणजे जंतूंशी लढण्यासाठी शरीर तयार करते ती प्रथिने. कधी ती आपल्याच शरीरावर उलटतात. आमवातात अशी प्रतिपिंडे बहुधा रक्तात सापडतात. 'आर. ए. फॅक्टर' आणि 'अँटी-सीसीपी' या तपासण्या त्यांच्यासाठीच आहेत.

सोरायटिक संधिवातात मात्र ही दोन्ही बहुतेक रुग्णांत आढळत नाहीत. त्याचे स्वतःचे प्रतिपिंड शोधण्याचे संशोधन चालू आहे, पण नेहमीच्या वापरातली खात्रीची तपासणी अजून नाही. २००६ साली ठरलेल्या 'कॅस्पर' निकषांत तर आर. ए. फॅक्टर नसणे यालाच एक गुण दिला आहे! म्हणजे निगेटिव्ह रिपोर्टने हा आजार नाही असे ठरत नाही.

मग ओळखायचे कसे? विचारून आणि पाहून. पुणे जिल्ह्यातील भिगवण गावी १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने संधिवाताची पाहणी केली, तेव्हा आधी घरोघरी जाऊन दुखणे विचारले, नंतर तपासणी केली. आपणही घरी एवढे पाहावे :

१. कोपर, गुडघे, डोक्याची त्वचा येथे खवले आहेत का?
२. नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खळगे आहेत का?
३. एखादे बोट पूर्ण सुजले आहे का?
४. सकाळी अर्ध्या तासाहून जास्त सांधे आखडतात का?
५. टाच दुखते का?

सोरायसिससोबत यांपैकी काही असेल, तर रिपोर्ट काहीही असो, संधिवाततज्ज्ञांना दाखवावे. सहा महिन्यांच्या उशिरानेही सांध्यांना कायमची इजा होऊ शकते. वेळेवर औषध मिळाले तर ती बरीच टाळता येते.

आणि मुलांनो, सोरायसिस स्पर्शाने पसरत नाही. खवले असलेल्या मित्राशेजारी बिनधास्त बसा. कृष्णपुऱ्यातल्या आपल्या घरांत हे दुखणे कोणाला बाहीखाली झाकावे लागू नये, एवढीच आमची इच्छा.