गेम सर्व्हरवर पहारा: नेकनूरमध्ये बसून खर्च किती?

मित्रमंडळींसाठी माइनक्राफ्टचा सर्व्हर चालवणाऱ्याला तो बंद पडल्याचं बहुधा सगळ्यांच्या शेवटी कळतं. तोवर डिस्कॉर्डवर शिव्या पडून गेलेल्या असतात. सर्व्हरवर सतत लक्ष ठेवून फोनवर निरोप देणारी व्यवस्था बीड जिल्ह्यातल्या नेकनूरमध्ये बसून फुकटातही उभी राहते. ती ठेवायची कुठे, एवढ्यावरच खर्च ठरतो.

सर्व्हर आणि त्याचा पहारेकरी एकाच घरात नकोत. लाइट गेली की दोघेही एकदम झोपतात, मग निरोप द्यायचा कुणी?

सर्व्हर मुंबईत भाड्याने घेतला असेल आणि खेळ कॉम्प्युटरवरचा, म्हणजे जावा आवृत्तीचा असेल, तर आधी अपटाइमरोबॉटची मोफत योजना बघा. ५० ठिकाणांवर नजर ठेवता येते, तपासणी दर ५ मिनिटांनी होते. पोर्ट २५५६५ टाकला की झालं. अट एकच, वापर खासगी हवा. खेळाडूंना रँक विकून पैसे घेत असाल तर मोफत योजना तुमच्यासाठी नाही.

पण गावाकडे बहुतेक पोरं मोबाइलवर खेळतात. ती बेडरॉक आवृत्ती. तिचा पोर्ट १९१३२, आणि तो यूडीपी. टीसीपीची साधी पोर्ट तपासणी लावली तर चालू सर्व्हरही कायम बंदच दिसेल. नुसत्या पिंगवरही विसंबू नका, कारण गेम गोठलेला असतानाही मशीन पिंगला उत्तर देत राहतं. इथे ‘अपटाइम कुमा’ कामाला येतो. तो मोफत आहे, मुक्त स्रोत आहे. त्यातला ‘गेमडिग’ हा प्रकार निवडला की तो थेट गेमलाच विचारतो. काउंटर-स्ट्राइकसारखे खेळही त्यात चालतात.

कुमा फुकट, पण त्याला चोवीस तास चालणारं मशीन लागतं. डिजिटलओशनचं बेंगळुरूतलं १ जीबी रॅमचं मशीन महिन्याला ६ डॉलर. डॉलर ९० रुपये धरला तर ५४०, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ६३७ रुपये. वर बँक परकीय चलनाचा आकार लावते तो वेगळा, आणि कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करून घ्यावे लागतात. ४ डॉलरच्या ५१२ एमबीतही भागतं, पण अपडेटच्या वेळी त्याला दम लागतो. माझं मत विचाराल तर हौशी सर्व्हरसाठी एवढं भाडं भरू नका. बीडला कुणी भाऊबंद असेल तर त्याच्याकडे जुना लॅपटॉप ठेवा. २० वॅटने महिन्याला साडेचौदा युनिट जळतात. युनिटला ८ रुपये धरले तरी ११५ रुपयांच्या आसपास. तेवढे त्याला देऊन टाका, नाहीतर दिवाळीनंतर प्लग निघालेला असेल.

सर्व्हर घरातच असेल तर अडचण वेगळी. अनेक फायबर आणि मोबाइल जोडण्यांत तुमच्या घराला स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता मिळतच नाही, त्यामुळे बाहेरून तपासणी आत पोहोचत नाही. मग उलटं करा: घरातल्या मशीननेच बाहेर हजेरी लावायची. हेल्थचेक्स डॉट आयओवर २० हजेऱ्या मोफत आहेत. क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं करणाऱ्या यादीत, एक ओळ लिहायची. हजेरी चुकली की निरोप येतो. मात्र ती ओळ आधी गेम सुरू आहे का ते तपासणारी हवी. नाहीतर गेम बंद आणि मशीनची हजेरी चालू, असं होईल.

निरोपासाठी टेलिग्राम किंवा डिस्कॉर्ड पुरे, दोन्हीला पैसे पडत नाहीत. एसएमएसच्या नादी लागू नका. फोनच्या बॅटरी बचतीतून ते अ‍ॅप तेवढं वगळा. कुमात ‘रिट्राइज’ ३ ठेवा. नाहीतर पहाटे बॅकअप चालू असताना सर्व्हर अडखळतो आणि उगाच झोपमोड होते. दुरून सर्व्हरला हुकूम देणाऱ्या आरकॉनचा पोर्ट २५५७५ मात्र तपासणीच्या नावाखाली इंटरनेटवर उघडू नका, त्यातून अख्खा सर्व्हर दुसऱ्याच्या हातात जाऊ शकतो.

कुणी ९९.९ टक्क्यांची हमी देत असेल तर हिशेब करा: ३० दिवसांत फक्त ४३ मिनिटं बंद राहायची मुभा. घरातल्या सर्व्हरच्या बाबतीत महावितरणची एक दुपार ती संपवून टाकते. तेव्हा आधी राउटरला छोटा यूपीएस घ्या, पैसे देऊन घ्यायच्या योजनांचं नंतर बघू.