मोटारसायकलीचे कूलंट जाते कुठे?

भिवंडीच्या धंद्यात मोटारसायकल ही शौकाची चीज राहिलेली नाही. कापडाचे नमुने घेऊन मुंबईला जाणारा दलाल, लूमचे सुटे भाग आणणारा मिस्त्री, वडपे येथील गोदामांतून पार्सल उचलणारा मुलगा, या सर्वांची रोजी दोन चाकांवर चालते. म्हणून या गाड्यांच्या एका अशा बिघाडाविषयी लिहीत आहे, ज्याचे नेमके कारण न शोधताच पुष्कळ वेळा मोठे बिल फाडले जाते.

पूर्वी हा प्रश्न नव्हता. १९९४ साली आलेल्या हिरो होंडा स्प्लेंडरसारख्या गाड्यांचे इंजिन वाऱ्याने थंड होते. त्याच्या अंगावरील पात्या हवेत असल्या की काम भागते. पुढे २००८ मध्ये यामाहाची आर-१५ आली. २०१२ मध्ये चाकणला बनणारी केटीएम ड्यूक २०० आणि बजाजची पल्सर २००एनएस आली. या गाड्यांत इंजिनाभोवती कूलंट फिरते. पंप ते फिरवतो, रेडिएटर त्याची उष्णता बाहेर टाकतो आणि गाडी थांबली की पंखा मदतीला येतो. आज अशा जुन्या गाड्या आपल्या भागात स्वस्तात मिळतात आणि धंद्याची पोरे त्या घेतात. महामार्गाच्या रुंदीकरणाच्या काळात वडपे ते माजिवडा या पट्ट्यात वाहतूक किती तुंबत आली ते सर्वांना ठाऊक आहे. उभ्या गाडीला वारा लागत नाही, सारा भार पंख्यावर आणि कूलंटवर पडतो. अशा वेळी कूलंट कमी असेल तर इंजिन जाम होण्याची पाळी येते.

आता मुद्द्यावर येऊ. कूलंट दर आठ-पंधरा दिवसांनी कमी होते, परंतु जमिनीवर एक थेंब दिसत नाही. मेकॅनिक डोके हलवतो आणि म्हणतो, ‘हेड गॅस्केट गेले, इंजिन खोलावे लागेल.’ कधी ते खरे असते. परंतु गल्ल्यात रोज पाच-दहा रुपये कमी पडू लागले तर आपण लगेच नोकराला चोर म्हणत नाही. आधी रोकड पुन्हा मोजतो, मग वही पाहतो. इथेही तोच कायदा लावावा.

पहिली गोष्ट म्हणजे कूलंट खरोखरच जाते आहे काय? पातळी नेहमी इंजिन पूर्ण थंड असताना, शक्यतो सकाळी, गाडी सरळ उभी करून पाहावी. साइड स्टँडवर झुकलेल्या गाडीच्या टाकीतील पातळी खोटी दिसते. कूलंट नुकतेच बदलले असेल तर आत अडकलेली हवा निघाल्यावर पातळी एक-दोनदा खाली येते व मग थांबते. ती गळती नव्हे. छोटी टाकी वरच्या खुणेच्या वर भरली असेल तर गरम होऊन फुगलेले कूलंट नळीतून बाहेर जाते. तेही नुकसान नव्हे, जास्त ओतल्याची शिक्षा आहे. म्हणून टाकीवर पेनाने खूण करावी आणि तारीख व किलोमीटर वहीत लिहावे. दोन आठवड्यांचा हिशेब समोर असला की अर्धे काम झाले असे समजा.

यानंतर रेडिएटरच्या टोपणाकडे पाहावे. आपले लोक त्याला साधे झाकण समजतात, परंतु त्यात दोन झडपा असतात. टोपणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो आतील दाब दर्शवतो. दाबाखाली साधे पाणीसुद्धा सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही, हाच या सगळ्या रचनेचा गाभा आहे. दाब वाढला की मोठी झडप उघडते आणि कूलंट छोट्या टाकीत जाते. इंजिन थंड झाले की आत ओढ निर्माण होते, लहान झडप उघडते आणि तेच कूलंट परत येते. आता लहान झडपेचा रबर कडक झाला किंवा टाकीकडे जाणारी नळी चिरली, तर कूलंट जाते पण परत येत नाही. ओढीबरोबर हवा आत शिरते. मालक छोटी टाकी पाहून निश्चिंत असतो, आणि रेडिएटर मात्र रिकामा होत जातो. नमुने पोहोचविणाऱ्या एका ओळखीच्या मुलाच्या गाडीत नेमके हेच निघाले. एका गॅरेजने हेड खोलण्याचा सल्ला दिला होता. टोपण आणि हातभर नळी बदलल्यावर गाडी सुधारली.

मात्र गरम इंजिनाचे टोपण कधीही उघडू नये. दाबाखालचे कूलंट तोंडावर उसळते आणि कातडी सोलते. निदान दोन तास थांबावे.

बाहेरची गळती शोधताना आपला कापडाचा धंदा कामी येतो. कोऱ्या मार्किनच्या पट्ट्या कापून नळ्यांच्या प्रत्येक जोडावर बांधाव्यात, रेडिएटरच्या खाली एक तुकडा लावावा, आणि गाडी रात्रभर उभी ठेवावी. मात्र सायलेन्सरजवळ कापड नको आणि पट्ट्या सोडल्याशिवाय गाडी चालू करू नये. कूलंट हिरवे, लाल किंवा निळे असते, त्याचा डाग कोऱ्या कापडावर लपत नाही. पुष्कळ क्लिपा गरम असताना घट्ट बसतात आणि थंडीत सैल पडून गळतात, म्हणून रात्रीची तपासणी महत्त्वाची. दिवसा थेंब सायलेन्सरवर पडून वाफ होतो, त्यामुळे जमीन कोरडी राहते. तेथे वाळलेला पांढरट किंवा हिरवट थर दिसतो का, पाहावे. पुढच्या चाकाने उडविलेल्या खडीने रेडिएटरला सुईएवढे भोक पडते, तेही याच थरावरून सापडते.

पाण्याच्या पंपाखाली एक बारीक भोक असते. तेथे ओल दिसली की अनेकजण ते भोक बुजवतात. हा जुलूम आहे. पंपाच्या दांड्यावर एक सील कूलंटसाठी व दुसरे ऑइलसाठी असते, आणि हे भोक त्या दोहोंच्या मधोमध आहे. सील खराब झाल्याची खबर देण्यासाठीच कंपनीने ते ठेवलेले असते. भोक बुजले तर कूलंट पुढे सरकून इंजिन ऑइलमध्ये मिसळते आणि ऑइल दुधी होते. दुधी ऑइल पाहून मेकॅनिक हेड खोलतो, आणि दोष मात्र पंपाच्या स्वस्त सीलमध्ये असतो. आणखी एक लक्षात ठेवावे. पावसाळ्यात गाडी रोज फक्त दोन-तीन किलोमीटर चालत असेल तर ऑइलच्या टोपणाखाली पांढरा फेस धरतो. ती हवेतील ओल असते. काचेतून दिसणारे सारे ऑइल दुधी असेल तरच काळजी करावी.

हे सर्व नीट निघाले तर मग आतला संशय धरावा. थंड इंजिनाचे टोपण काढून गाडी चालू केली आणि रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे सतत येत राहिले, किंवा टोपण लावून चालू करताच अर्ध्या-एक मिनिटात, इंजिन तापण्याआधीच, नळी दगडासारखी कडक झाली, तर सिलिंडरमधील वायू कूलंटमध्ये शिरतो आहे. सायलेन्सरचा पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नाही व त्याला गोडसर वास येतो. स्पार्क प्लग धुतल्यासारखा साफ निघतो. थंडीच्या सकाळी पहिली पाच मिनिटे येणारी वाफ यात धरू नये.

एवढ्यावरही इंजिन खोलू देऊ नये. चांगल्या गॅरेजात हातपंपाचे दाब मोजणारे यंत्र असते. रेडिएटरच्या तोंडाला लावून टोपणावरील आकड्याइतकाच दाब द्यावा, जास्त नाही, आणि पंधरा मिनिटे काटा पाहावा. काटा स्थिर राहिला तर टोपण पुन्हा तपासावे. काटा पडला आणि बाहेर कोठेच ओल नाही, तर प्लग काढून इंजिन फिरवावे. प्लगच्या भोकातून फवारा उडाला तर गॅस्केट किंवा हेड यांचा दोष पक्का. ‘आधी ही तपासणी करून दाखवा’ असे सांगण्यात मेकॅनिकचा अपमान नाही. आपणही ग्राहकाला तागा उलगडून दाखवतोच.

गळती बंद करणारी पूड टाकण्याचा मोह टाळावा. रेडिएटरच्या बारीक नळ्या ती आधी बुजवते. बोअरचे पाणीही ओतू नये, त्यातील क्षार आत थर धरतात. कूलंट गाडीच्या पुस्तकात सांगितलेलेच घ्यावे, पातळ करायचे तर डिस्टिल्ड पाण्याने करावे, आणि दोन रंगांचे मिसळू नये.

काहीजण हा दोष कळताच टाकी भरून गाडी विकून मोकळे होतात. हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली, आणि भिजलेला माल वर का ठेवला नाहीस, अशी विचारणा त्यांनी विक्रेत्याकडे केली, हा प्रसंग आपल्या मदरशातील लहान मुलेही जाणतात. भरलेली टाकी ही तशीच वरची कोरडी थर आहे. ऐब सांगून किंमत कमी घ्यावी.

काढलेले जुने कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नये. त्यातील ग्लायकॉल चवीला गोड आणि जहाल विषारी असते. मांजर, कुत्रे, बकरी ते चाटून मरतात, आणि लहान मुलालाही सरबत वाटते. घट्ट झाकणाच्या डब्यात भरून, वर मराठी-उर्दूत ‘जहर’ लिहून, ज्या गॅरेजातून नवे घेतले तेथे परत द्यावे.