लिथियमचे सेल : छाप, गुण आणि किंमत

गेल्या हरभऱ्याच्या सुगींत धान्याचा ओलावा मोजण्याचें आमचें यंत्र कपाटांतून काढलें, तों आंतील सेल पाझरून पितळी पट्ट्या हिरव्या पडलेल्या ! यंत्र फुकट गेलें, आणि व्यापाऱ्यानें सांगितलेला ओलावा मान्य करून माल घालावा लागला. सेल कोणत्या छापाचे होते हें सांगण्यांत अर्थ नाहीं; आठ महिने ते आंत ठेवण्याची चूक आमचीच. परंतु त्या निमित्तानें, एकदां वापरून टाकावयाच्या लिथियम सेलांची आम्हीं चौकशी केली, ती वाचकांपुढें ठेवतों.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, लिथियम या एका नांवाखालीं निरनिराळे जिन्नस विकले जातात. पेन्सिल सेलाच्या मापाचा एक १.५ व्होल्टचा असतो. एनर्जायझर कंपनीचा अल्टिमेट लिथियम हा त्यांतला. तो साध्या सेलाच्या जागीं खुशाल बसवावा. परंतु त्याच मापाचा दुसरा एक ३.६ व्होल्टचा येतो. तो पाण्याच्या मीटरासारख्या ठराविक यंत्रांसाठीं असून विजेरींत किंवा वजनकांट्यांत घातल्यास यंत्र जळण्याचा संभव आहे. माप जुळलें म्हणून सेल जुळला असें नव्हे. व्होल्टचा आंकडा वाचल्याशिवाय पैसे मोजूं नयेत.

आतां हिशेब. हलक्या भाराखालीं चांगला अल्कलाईन सेल सुमारें २५०० मिलिअँपिअर-तास देतो; भार अर्ध्या अँपिअरवर गेला कीं तो १५०० च्या आसपास उतरतो. लिथियमचा सेल दोन्ही ठिकाणीं ३००० च्या घरांत राहतो. म्हणजे हलक्या कामीं तो सव्वापट व जड कामीं दुप्पट. दुकानांत किंमत मात्र दुपटीहून बरीच अधिक पडते ! खात्याच्या वहींत मांडून पाहिलें तर भिंतीवरील घड्याळासाठीं किंवा रोजच्या विजेरीसाठीं तो घेणें म्हणजे शुद्ध उधळपट्टी होय. त्याची खरी किंमत निराळ्या ठिकाणीं आहे. तो पाझरण्याची भीति फार थोडी, वजन सुमारें १५ ग्रॅम म्हणजे अल्कलाईनपेक्षां तिसऱ्या हिश्शानें कमी, आणि न वापरतां वीस वर्षांवर टिकतो असें कंपनी सांगते. हजारों रुपयांचें यंत्र वर्षांतून पंधरा दिवस लागत असेल तर दोन महाग सेल स्वस्तच. एक खोड मात्र आहे : त्याचा दाब अखेरपर्यंत जवळजवळ सारखा राहून मग एकाएकीं बसतो. यंत्रावरील सेलाची खूण भरलेली दिसली तरी जोडीला दुसरे सेल असावे.

नाण्यासारख्या चपट्या सेलांत सीआर २०३२ हा सर्वांत अधिक खपतो. यांतील २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर व ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. येथें छापांची तुलना करण्यास फारसें कांहीं उरत नाहीं. मॅक्सेल २२०, पॅनासॉनिक २२५, एनर्जायझर २३५ मिलिअँपिअर-तास सांगतात. शेंकडा सहासात टक्क्यांच्या फरकासाठीं दीडपट दाम कोणीं द्यावे ? अस्सल माल व ताजी तारीख पाहून जो स्वस्त तो घ्यावा. सुटे सेल, पुसट छपाई व फाटकें पाकीट यांपासून दूर राहावें.

ड्युरासेल आपल्या चपट्या सेलांस कडू लेप देते. तो कां, हें घरांत मुलें असणारांनीं जाणून घेतलें पाहिजे. असा सेल गिळल्यास अन्ननलिकेंत अडकून दोन तासांच्या आंत तेथें भाजल्यासारखी गंभीर जखम होऊं शकते. संपलेल्या सेलाचेंही तेंच. मुलास उलटी करवूं नये, वाट पाहूं नये, तत्काळ इस्पितळ गांठावें. आमच्या घरीं वापरलेल्या सेलांच्या दोन्ही बाजूंस चिकटपट्टी लावून ते झांकणाच्या डब्यांत माळ्यावर ठेवतों, आणि तालुक्यास जाणें झालें म्हणजे ई-कचरा घेणाऱ्याकडे देतों.