ऊस बिलाचं चारशे ओळींचं फंक्शन

वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजमधून बाहेर पडून साखर कारखान्याच्या प्रोग्रामला हात घालणाऱ्या पोरांना आम्ही म्हातारे जे सांगत आलोय, तेच तुला सांगतो. कराड असो की ईश्वरपूर, ऊस बिलाचं चारशे ओळींचं फंक्शन भेटलं तर बिचकू नकोस. दर हंगामाला एकेक 'इफ' चिकटत ते तेवढं झालेलं असतं.

१. आधी टेस्ट, मग कात्री. २०२५-२६ ची एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर घे. १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये, त्यावर दर ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये जादा. साडेनऊ किंवा त्याखाली सरसकट ३२९.०५. म्हणजे १०.३५ ला ३५८.४६ आलेच पाहिजेत. ९.४, ९.५, १०.२५ आणि १०.३५ ची उत्तरं अगोदर बांधून ठेव.

२. मधेच 'इथून तोडणी-वाहतूक वजा' अशी कॉमेंट दिसली, की तिथंच काप. मार्टिन फाउलरनंही १९९९ च्या 'रिफॅक्टरिंग'मध्ये हीच खूण सांगितलीय.

३. कापलेल्या तुकड्याला नाव केन अकौंटच्या, म्हणजे ऊस हिशेब खात्याच्या माणसाच्या तोंडचं दे. 'प्रोसेस२' वाचून कुणालाच काही कळत नाही. 'सोसायटी_वसुली' लगेच कळतं.

४. ज्याचं बदलायचं कारण वेगळं, त्याचं फंक्शन वेगळं. दर केंद्र ठरवतं. एफआरपी दोन टप्प्यांत द्यायचा निर्णय राज्यानं फेब्रुवारी २०२२ मध्ये काढला, हायकोर्टानं मार्च २०२५ मध्ये तो रद्द केला. हप्त्यांचा हिशेब वेगळा असेल, तर दराला धक्का न लावता तेवढाच बदलता येतो.

५. 'इफ'च्या पोटात 'इफ' नको. चौदा दिवसांत पैसे दिले? व्याज शून्य, तिथूनच परत फीर. मग खाली उरतो फक्त उशिराचा १५ टक्के व्याजाचा हिशेब.

६. एक तुकडा काढ, टेस्ट चालव, कमिट कर. नवा नियम आणि साफसफाई एका कमिटमध्ये कालवू नकोस. पंधरवड्याचं बिल निघायच्या आदल्या दिवशी तर कोडला हातच लावू नकोस.

७. अतिही नको. दोन ओळींच्या फंक्शनला सात पॅरामीटर द्यावे लागले, तर काप चुकलाय. तुकडा परत जोड.

शेवटी मुख्य फंक्शन केन अकौंटच्या कारकुनाला वाचून दाखव. वजन, दर, कपात, निव्वळ रक्कम या क्रमानं त्याला बिल उमगलं, तर थांब. नाही उमगलं, तर काम बाकी आहे.