आधी बांध बघा

सुंदरबनातल्या बेटांवर मी बँकेच्या शेतीकर्जांच्या कामानिमित्त बरीच वर्षं हिंडले. म्हणून कोलकात्यातली मराठी मंडळी मला विचारतात, "ताई, तिकडे थोडी जमीन घेऊन ठेवावी का?" हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात गणपतीला भेट झाली की हा प्रश्न हमखास येतो. विचारणारे निवृत्तीला टेकलेले असतात आणि हिवाळ्यात सुंदरबनातल्या पाखिरालयला दोन रात्री राहून आलेले असतात. समोरची नदी, पलीकडचं जंगल, खजुराच्या ताज्या गुळाचा वास मनातून जात नाही. त्यात कुणीतरी बिघ्याचा भाव कानावर घातलेला असतो. बंगालचा बिघा म्हणजे आपले साधारण 13 गुंठे, आणि त्याचा भाव पुण्या-नाशिकच्या माणसाला खराच वाटत नाही.

आम्हा दोघांनाही सातजेलिया बेटावर छोटं घर बांधायचं होतं. जागा पसंत पडली, इसार दिला, मग व्यवहार थांबवला. इसारातले काही पैसे परत मिळाले, काही मिळाले नाहीत. त्या काळात जे बघितलं आणि विचारून घेतलं, ते एकदा सविस्तर लिहून ठेवते.

तिथे गेल्यावर आधी बांध बघा, जमीन मग. भारताच्या वाट्याच्या सुंदरबनात 102 बेटं आहेत आणि त्यांतल्या 54 बेटांवर वस्ती आहे. या वस्तीला राखणारे बांध सुमारे साडेतीन हजार किलोमीटर लांबीचे, बहुतेक मातीचे. इंग्रजी अमलात जंगलाचे लॉट पाडून ते लागवडीला दिले गेले. काकद्वीपजवळच्या फेरीघाटाला लोक आजही 'लॉट नंबर आठ' म्हणतात. सारा वसूल करायची घाई एवढी, की गाळ साचून जमीन पुरती उंच होण्याआधीच तिच्याभोवती बांध घातले. मग गाळ शेतात येईना, तो नदीच्या पात्रातच साचू लागला. पात्र वर येत गेलं आणि शेत होतं तिथेच राहिलं. मोठ्या भरतीला बांधावर उभं राहिलात तर एका बाजूला काठोकाठ नदी दिसेल आणि दुसऱ्या बाजूला, त्या पाण्याच्याही खाली, भाताची खाचरं. रायगड-रत्नागिरीच्या खारबांधांशेजारी वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागणार नाही. खरेदीखतात तुमची चतुःसीमा असते, दाग नंबर असतो, पण ज्याच्या जिवावर ती जमीन कोरडी आहे तो बांध नसतो. तो दुसऱ्याच्या ताब्यात असतो, त्याची डागडुजी दुसऱ्याच्या मर्जीवर आणि सरकारी निधीवर चालते.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तिथे कोटाल म्हणतात. जागा बघायची तर कोटालच्या दिवशीच बघा, तीही पावसाळ्यात. दलाल तुम्हाला डिसेंबरात नेतो, ओहोटीच्या वेळी नेतो. वादळांच्या तारखाही बघा. आयला 25 मे 2009 ला आलं, अम्फान 20 मे 2020 ला, यास 26 मे 2021 ला, रेमाल 26 मे 2024 च्या रात्री. मध्ये 9 नोव्हेंबर 2019 ला बुलबुल येऊन गेलं. यातलं यास मला सगळ्यांत जास्त शिकवून गेलं. ते वादळ धडकलं ओडिशात, पण त्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती. वाऱ्यानं छप्परं तेवढी उडाली नाहीत, कोटालचं पाणी मात्र ठिकठिकाणी बांध ओलांडून आत आलं. खारं पाणी शेतात राहिलं की पुढची दोन-तीन वर्षं भात धड येत नाही. तळ्यातले रुई-कातला मरून वर येतात. आयलानंतर लोकांनी नोना बोकरासारखी खार सोसणारी जुनी भातं पुन्हा शोधली, ती याच गरजेतून.

बांध फुटला की नवा बांध बऱ्याचदा जुन्या जागी होत नाही. नदीनं खाल्लेला भाग सोडून, आत सरकून, अर्धवर्तुळासारखा नवा बांध घालतात. त्याला रिंग बांध म्हणतात. दोन बांधांच्या मध्ये जी घरं आणि शेतं अडकतात ती नदीच्या हवाली होतात. आयलानंतर केंद्रानं 778 किलोमीटर बांध नव्यानं, भक्कम करण्यासाठी 5,032 कोटींची योजना मंजूर केली होती. पण रुंद बांधाला गावाचीच जमीन लागते, ती मिळेना, आणि बरंच काम राहून गेलं. आम्हाला आवडलेल्या जागेवरून नदी दिसत होती, म्हणून तर ती आवडली होती. शेजारच्या एका वृद्ध काकांना मी विचारलं, तुमच्या लहानपणी बांध कुठे होता? त्यांनी बोट दाखवलं ते पार पात्राच्या मध्याकडे. हा प्रश्न प्रत्येकानं विचारावा, आणि तो विकणाऱ्याला न विचारता शेजाऱ्याला विचारावा. नदीचं वळणही बघा. वळणाच्या बाहेरच्या काठाला नदी खाते, आतल्या काठाला गाळ टाकते. बांधापुढे चिखलाची रुंद पट्टी असेल आणि तिच्यावर तिवरांची दाट झाडी असेल, तर बांधाला काही आधार आहे. बांधाचा पायाच पाण्यात असेल तर ती जागा कितीही सुंदर असो, सोडून द्या. घोडामारा बेट असंच झिजत गेलं, शेजारचं लोहाचरा तर बुडालंच. तिथली बरीच कुटुंबं आज सागर बेटावरच्या वसाहतींत आहेत.

मुंबईचा पैसा या चिखलात पूर्वीही येऊन गेला आहे. मातला नदीवर नवं बंदर करायचं घाटत होतं तेव्हा, 1853 मध्ये, हेन्री पिडिंग्टन यांनी गव्हर्नर जनरल डलहौसीला उद्देशून लिहिलं की वादळाच्या लाटेपुढे हे बंदर टिकणार नाही. 'सायक्लोन' हा शब्द ज्यांनी रूढ केला तेच हे पिडिंग्टन. त्यांचं कुणी ऐकलं नाही. बंदराला कॅनिंगचं नाव दिलं, तिथवर रेल्वे नेली. 1864-65 च्या मुंबईतल्या शेअरच्या वेडात बॅकबेच्या जोडीला पोर्ट कॅनिंगच्या शेअरचीही उलाढाल होत होती. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचा भाव पडला, बाजार बसला. नोव्हेंबर 1867 मध्ये वादळानं बंदराची वाताहत केली आणि काही वर्षांत सरकारनं त्याचा नाद सोडला. सियालदाहून सुटणारी कॅनिंग लोकल आज तिथेच जाते. गोसाबा बेटावर जायचं तर तिथूनच पुढे गोदखालीला जाऊन नदी ओलांडावी लागते. जमीन बघायला निघालेल्यांना मी हा इतिहास मुद्दाम सांगते, कारण न बघता घेतलेल्या कागदाचं इथे काय होतं ते त्यात आहे.

आता कागदपत्रं. आपल्या सातबाऱ्याच्या जागी इथे खतियान असतं, गट नंबराच्या जागी दाग. बांग्लारभूमी या सरकारी संकेतस्थळावर मालकाचं नाव, क्षेत्र आणि जमिनीचा प्रकार दिसतो. पण तेवढ्यावर विसंबू नका, ब्लॉकच्या भूमी कार्यालयातून पोर्चाची, म्हणजे खतियानाच्या उताऱ्याची, सही-शिक्क्याची नक्कल काढा. आमची गाडी अडली ती इथेच. जागेचा एक तुकडा पाट्ट्याचा निघाला, म्हणजे सरकारनं भूमिहीनाला दिलेला. पश्चिम बंगालच्या 1955 च्या जमीन सुधारणा कायद्यात अशी जमीन वारसांकडे जाते, विकता येत नाही. मध्यस्थ म्हणाला, स्टॅम्प पेपरवर लिहून घेऊ, इथे सगळे असंच करतात. विकणारं कुटुंब आम्हाला फसवत होतं असं मला अजूनही वाटत नाही. ज्या जमिनीत त्यांचा घाम गेला ती त्यांच्या लेखी त्यांचीच होती. पण कायद्यापुढे त्या स्टॅम्प पेपरला काही अर्थ नव्हता.

गोसाबा-संदेशखालीकडे मुंडा, ओराँव, भूमिज कुटुंबं खूप आहेत. त्यांची जमीन बिगरआदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही. त्यावरही दलालाकडे तोडगा असतो, एखाद्या आदिवासी माणसाच्या नावावर घेऊन टाकायची. इंडोनेशियातही हेच चालतं. 1960 च्या तिथल्या कायद्यानं जमिनीची पूर्ण मालकी फक्त नागरिकाला मिळते, म्हणून परदेशी लोक गावातल्या माणसाच्या नावावर समुद्रकाठच्या जागा घेतात आणि वाद झाला की त्यांच्या हाती काही राहत नाही. आपल्याकडे तर बेनामी व्यवहार हा गुन्हा आहे. आणि गुन्हा नसता तरी, ज्या कायद्यानं गरिबाच्या हातात शेवटचा तुकडा राखला त्याला वळसा घालून आपण निवांत म्हातारपण काढावं, हे मला पटत नाही.

जमिनीवर बर्गादार, म्हणजे पिकाच्या वाट्यावर कसणारा, नोंदलेला आहे का हे बघा. 1978 च्या ऑपरेशन बर्गापासून अशा बटाईदारांची नावं नोंदली गेली, आणि मालक बदलला म्हणून त्याचा कसण्याचा हक्क जात नाही. जमिनीचा हिस्सा विकला गेला तर बर्गादार, सहहिस्सेदार किंवा लगतचा शेतकरी ठरलेल्या मुदतीत, किमतीवर दहा टक्के भरून, ती स्वतःकडे मागू शकतो. लगतच्या शेतकऱ्याला विक्रीपासून चार महिने मिळतात. तेवढे दिवस तरी विटा आणून टाकू नका. शेतजमिनीवर घर बांधायला जमिनीचा प्रकार बदलून घ्यावा लागतो. शिवाय किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत सुंदरबन अतिसंवेदनशील किनारपट्ट्यांच्या यादीत आहे, त्याच यादीत आपलं मालवण आणि आचरा-रत्नागिरी आहे. नदीकाठी तंबू ठोकून पर्यटक आणू, असं सांगणाऱ्याला आधी परवानग्या दाखवायला सांगा.

शेजारी कोण आणि काय करतो, हेही बघाच. बाजूच्या शेतात कुणी खारं पाणी घेऊन कोळंबीची भेरी, म्हणजे कोळंबी वाढवायचं तळं, केली, तर तुमचं शेत, तुमचं तळं, तुमची नारळाची झाडं काही वर्षांत संपतात. 2024 मध्ये संदेशखालीच्या बायका रस्त्यावर आल्या, तेव्हा त्यांच्या तक्रारींत अत्याचारांबरोबर हेही होतं, की भातजमिनी बळकावून त्यांत खारं पाणी सोडलं.

राहण्याचं सांगायचं तर, म्हातारपणासाठी ही जागा अवघड आहे. वरच्या थरातलं पाणी खारं, म्हणून गोड्या पाण्यासाठी कूपनलिका हजार फुटांच्या आसपास खोल न्यावी लागते. रात्री छातीत दुखलं तर आधी होडी शोधायची, ओहोटी असेल तर घाटावर गुडघाभर चिखलातून माणसाला उचलून न्यायचं, मग मोठ्या उपचारांसाठी कॅनिंग किंवा थेट कोलकाता. पावसाळ्यात मण्यार घरात शिरते, आणि तिचा दंश झोपेत कळतही नाही. मच्छरदाणी गादीखाली नीट खोचणं आणि प्रतिसर्पविष असलेलं जवळचं सरकारी रुग्णालय ठाऊक असणं, या दोन गोष्टींनी तिथे जीव वाचतात. मांत्रिकाकडे नेणाऱ्यांचं ऐकू नका, पहिले तास तिथे घालवू नका.

आणि जमीन एवढी स्वस्त का, हे विचाराल? बहुतेक घरांतली तरुण मुलं केरळात, तमिळनाडूत कामाला गेली आहेत. मागे म्हातारी माणसं आहेत, आयला-अम्फानचं कर्ज आहे. विकणारा अडचणीत असतो. कर्जाच्या फायली बघताना हे मी रोज पाहिलं, त्यामुळे स्वस्त जागेची बातमी आली की मला त्या घराची काळजी वाटते.

म्हणून विचारणाऱ्यांना मी सांगते, खरेदी करू नका. एखाद्या कुटुंबाकडे भाड्यानं खोली घ्या, बांधापासून आतल्या बाजूला, शक्यतो माध्यमिक शाळेच्या आसपास, कारण पाणी चढलं की गाव तिथेच गोळा होतं. भाडं रोख आणि वेळेवर द्या, त्या घराला त्याचा आधार होतो. मे महिना आणि भाद्रपद-आश्विनातले कोटाल तिथे काढा. बांधाला भेग पडली तर माती टाकायला गावाबरोबर उभे राहा. सगळे ऋतू पाहूनही जागा घ्यावीशी वाटलीच, तर जुनी, निर्वेध रयती जमीन बघा, नदीपासून लांब, उंचवट्यावरची, आणि विकणाऱ्या घरातल्या प्रत्येक बहिणीची सही त्या खतावर घ्या.